मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नाही

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी घरीच ब्लाउज शिवते, साड्यांना पिको-फॉल करून देते. चार दिवसांपूर्वी दुपारी एका माणसाचा फोन आला. ‘बायकोने तुमचा नंबर दिलाय, लग्नाचे सहा ब्लाउज शिवायचेत, अ‍ॅडव्हान्स म्हणून 1,500 पाठवतो,’ म्हणाला. फोन चालू असतानाच मेसेज वाजला, खात्यात 15,000 जमा. लगेच तो म्हणाला, ‘अहो ताई, घाईत एक शून्य जास्त पडलं. आई अ‍ॅडमिट आहे, औषधाचे पैसे होते ते. 13,500 तेवढे परत टाका ना.’ आवाज रडवेला होता. मी टाकले. संध्याकाळी खातं बघते तर 15,000 आलेच नव्हते, माझेच 13,500 गेले होते. वर्षभर शिलाईतून बाजूला टाकलेले होते ते. आता त्याचा फोन बंद लागतो. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. मुलगा म्हणेल, ‘आई, एवढं साधं कळलं नाही तुला?’ चार दिवसांनी तक्रार करून काही उपयोग आहे का? आणि असा मेसेज ओळखायचा तरी कसा?

– एक वाचक

ताई,

पुढचं सगळं नंतर वाचा. आधी 1930 हा नंबर फिरवा. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी नंबर आहे आणि तो देशभर चालतो. फोन लावण्यापूर्वी यूपीआय अ‍ॅपच्या हिस्टरीमध्ये जाऊन तो 13,500 चा व्यवहार उघडा. तिथे बारा आकडी व्यवहार क्रमांक दिसेल, तो कागदावर उतरवून घ्या. सोबत तारीख, वेळ, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आयडी आणि त्या माणसाचा मोबाईल नंबर लिहा. तुमचं बँकेचं पासबुक हाताशी ठेवा. एवढी तयारी असली की फोनवर गडबड होत नाही. लाइन लगेच लागली नाही तर पुन्हा लावा.

झाला फोन? आता बोलू.

चार दिवस म्हणजे उशीर झाला का, असं तुम्ही विचारलंय. झाला आहे, आणि मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. 1930 वर तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेपर्यंत पोचवली जाते आणि समोरच्या खात्यात जेवढे पैसे शिल्लक असतील तेवढे अडवून ठेवले जातात. हे भामटे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि एटीएममधून काढून घेतात. म्हणून पहिल्या तासाला एवढी किंमत असते. चार दिवसांनी मिळण्याची आशा कमी होते, पण संपत नाही. कधीकधी खातं आधीच कुणाच्या तरी तक्रारीवरून गोठवलेलं असतं आणि पुढे गेलेले पैसे तिथेच अडकून पडलेले असतात. तुमची तक्रारच नसेल तर त्या अडकलेल्या पैशांवर तुमचा हक्क सांगणार कोण?

दुसरं असं की, ज्या नंबरवरून तुम्हाला फोन आला, त्याच नंबरवरून त्या दिवशी आणखी कितीजणींना आला असेल! प्रत्येकीने ‘आपलेच गेले, जाऊ दे’ म्हटलं तर तो नंबर आणि ते खातं चालूच राहील. तुमची तक्रार दुसऱ्या तक्रारीला जोडली जाते, आणि मगच कुणीतरी त्या खात्याच्या मागे लागतं.

आता त्या दुपारी नेमकं काय झालं ते बघू, कारण तुमच्या पत्रात मला एक भीती दिसतेय. आपलं खातं कुणाच्या तरी हातात गेलंय, असं तुम्हाला वाटतंय ना? तसं झालेलं नाही. तुमच्या बँकेत कुणी शिरलं नाही, तुमचा पासवर्ड कुणाला कळला नाही. त्या माणसाने आपल्या फोनवर बँकेच्या मेसेजसारखी दिसणारी चार ओळींची मजकुराची नक्कल टाइप केली आणि साध्या एसएमएसने तुम्हाला पाठवली. बस. उद्या मी माझ्या फोनवरून तुम्हाला ‘आपल्या खात्यात एक कोटी रुपये जमा’ असं लिहून पाठवलं, तर त्या अक्षरांमुळे तुमच्या खात्यात एक रुपयाही येणार नाही. तेवढंच त्याने केलं. बाकीचं काम त्याच्या रडव्या आवाजाने केलं.

तुम्ही मेसेजचा फोटो पाठवला ते फार बरं केलंत. तो मी दोनदा वाचला. बघा, पाठवणाऱ्याच्या जागी काय आहे? दहा आकडी मोबाईल नंबर. बँकेचा मेसेज असा कुठल्या तरी मोबाईलवरून येत नाही. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार बँका आणि कंपन्यांना व्यावसायिक मेसेज पाठवण्यासाठी आपलं नाव नोंदवावं लागतं. म्हणून बँकेच्या खऱ्या मेसेजवर नंबराऐवजी अक्षरं दिसतात. आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेच्या नावाची आखूड खूण. 2025 पासून त्याच्या शेवटी आणखी एक अक्षर लागतं. जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी मेसेजला ‘जी’. तुमच्याच फोनमध्ये मागच्या महिन्यातला बँकेचा खरा मेसेज शोधा आणि हा खोटा त्याच्या शेजारी ठेवून बघा. एकदा डोळ्यांनी फरक पाहिला की लक्षात राहतो.

मग मजकूर. तुमच्या त्या मेसेजमध्ये खात्याच्या जागी नुसत्या फुल्या आहेत, पुढे आकडाच नाही. खऱ्या मेसेजमध्ये फुल्यांनंतर तुमच्या खात्याचे शेवटचे तीन-चार आकडे असतात. त्याला तुमचा खाते क्रमांक ठाऊक नव्हता, म्हणून त्याने फुल्यांवर भागवलं. बँकेचं नावही मोघम आहे. रक्कम मात्र ठसठशीत, कारण तुमची नजर तिथेच जावी असं त्याला हवं होतं.

पण ताई, या खुणा मी सांगतेय त्या ओळख पटायला मदत व्हावी म्हणून. त्यांच्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. उद्या एखादा जास्त हुशार निघेल, खात्याचे शेवटचे आकडे कुठून तरी मिळवेल, मेसेज हुबेहूब बनवेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतील, त्यात हिरवी खूण असेल, तारीख-वेळ असेल. चित्रात काहीही लिहिता येतं. म्हणून मेसेज खरा की खोटा हे ठरवत बसण्यापेक्षा एकच सवय लावून घ्या. पैसे आले का हे मेसेजमध्ये बघायचं नाही, खात्यात बघायचं. अ‍ॅप उघडायचं, बॅलन्स तपासायचा, आणि बॅलन्स वाढलेला दिसला नाही तर समोरचा काहीही म्हणो, पैसे आलेले नाहीत.

मी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. एकदा एक आजोबा फोन हातात धरून आले आणि म्हणाले, पैसे जमा झालेत, काढून द्या. मेसेज दाखवला. मी त्यांचं पासबुक मशीनमध्ये घातलं. मशीन करकर करत छापत गेलं आणि थांबलं. शेवटची ओळ पेन्शनची होती, आठवड्यापूर्वीची. त्याखाली कोरा कागद. आजोबा एकदा फोनकडे बघत होते, एकदा पासबुकाकडे. मी त्यांना म्हटलं, ‘आजोबा, पासबुक खरं.’ नशिबाने त्यांनी अजून कुणाला काही परत केलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तुमचं पत्र वाचताना तोच आठवला. आता पासबुक भरायला फारसं कुणी जात नाही, पण अ‍ॅपमधला बॅलन्स आणि खातेउतारा म्हणजे तेच पासबुक आहे.

हा प्रकार वेगवेगळ्या तऱ्हेने येतो. कुणी म्हणतं, ‘तुमच्या वडिलांचे पैसे द्यायचे होते, त्यांचा यूपीआय चालत नाही म्हणून तुम्हाला टाकतो.’ कुणी भाडेकरू बनून डिपॉझिट पाठवतं. कुणी जुनं कपाट विकत घेतो म्हणून फोन करतं. गोष्ट बदलते, पण तीन गोष्टी तशाच असतात. फोन चालू ठेवतात, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारता येऊ नये. ‘चुकून जास्त आले’ म्हणतात, म्हणजे आपल्याला लोकांचे पैसे अंगावर नकोसे व्हावेत. आणि दवाखाना, अपघात, अ‍ॅम्ब्युलन्स असं काहीतरी असतंच. कुणाचं लुबाडू नये, अडल्याला मदत करावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते लोक नेमकं तेच वापरतात. तुम्ही लोभाने फसला नाहीत, ताई. पंधरा हजार आलेत असं वाटल्यावर ते ठेवून घ्यावेत हा विचारसुद्धा तुमच्या मनात आला नाही. हे मुलालाही सांगा.

यातलाच आणखी एक प्रकार म्हणजे ‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार. पूर्वी पैसे मागणारी विनंती पाठवून असं फसवायचे. माणसाने माणसाला पाठवायच्या त्या विनंत्या ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्या आहेत. तरी क्यूआर कोड पाठवून ‘हा स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असं सांगणारे आहेतच. कोड स्कॅन करतो तो पैसे देणारा असतो, घेणारा नाही.

एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची आहे. त्या मेसेजमध्ये निळ्या अक्षरातली लिंक होती का, आणि तुम्ही ती उघडली का? फोटोत तर दिसत नाही. पण त्याने नंतर एखादी फाइल पाठवून उघडायला सांगितलं असेल, किंवा अ‍ॅप टाकायला लावलं असेल, तर मामला वेगळा होतो. अशा फाइलमधून फोनवरचे ओटीपी वाचता येतात. तसं झालं असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा, ते अ‍ॅप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. तसं काही झालं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता तक्रारीचं पुढचं. 1930 वर बोलणं झालं की तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन उरलेली माहिती भरा. मेसेजचा फोटो, कॉलची यादी, व्यवहाराचा स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा तिथे जोडता येतो. मुलाला सोबत बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. तो मेसेज चिडून डिलीट करू नका. नंबर ब्लॉक करा, पण मेसेज राहू द्या, तो पुरावा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं. ‘आमच्या हद्दीत घडलं नाही’ असं म्हणून कुणी परत पाठवू लागलं तर शांतपणे सांगा की हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

बँकेलाही लेखी कळवा. शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये एक नियम केला. ग्राहकाची काही चूक नसताना बाहेरच्या कुणी परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकाचं होत नाही. तुमच्या बाबतीत पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे बँक हा नियम लागू नाही म्हणेल, आणि बहुतेक तिचं म्हणणं टिकेल. तरीही अर्ज द्यायचाच. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 या नंबरवर मिळते.

बँकेचा नंबर मात्र इंटरनेटवर शोधू नका. ‘कस्टमर केअर’ शोधलं की वर येणाऱ्या नंबरांत भामट्यांचेही नंबर असतात. डेबिट कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर घ्या.

आणि यानंतर आठ-पंधरा दिवसांत तुम्हाला एखादा फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 13,500 सापडलेत, परत मिळवायला 800 रुपये फी भरा.’ हा दुसरा डाव असतो. एकदा फसलेल्या माणसांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. अडवलेले पैसे सोडवायला रीतसर प्रक्रिया लागते, वेळ जातो, पण यूपीआयवर फी मागून कुणी पैसे परत करत नाही.

ज्यांना असा मेसेज आला पण पैसे गेले नाहीत, त्यांनी काय करावं? बऱ्याच जणी मेसेज वाचतात, ‘हं, फसवायला बघतोय’ म्हणतात आणि पुढे जातात. तसं करू नका. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च 2024 पासून आहे. गेल्या 30 दिवसांत आलेला संशयास्पद मेसेज किंवा फोन तिथे कळवता येतो. नंबर, तारीख, वेळ, मेसेजचा फोटो टाकायचा, आपल्या नंबरवर आलेला ओटीपी भरायचा. तपासून तो नंबर बंद केला जाऊ शकतो. पैसे गेले असतील तर चक्षूवर थांबू नका, त्यासाठी 1930 आणि सायबरक्राइमचं संकेतस्थळच.

आणि कधी खरंच कुणाचे पैसे चुकून तुमच्या खात्यात आले, बॅलन्स खरोखर वाढलेला दिसला, तर? तेव्हाही स्वतः होऊन परत पाठवू नका. ते पैसे तिसऱ्याच कुणाला फसवून मिळवलेले असू शकतात. तुम्ही ते पुढे पाठवलेत तर तपासात तुमचं खातं त्या साखळीत दिसतं आणि गोठवलं जाऊ शकतं. समोरच्याला सांगा, ‘तुम्ही तुमच्या बँकेत अर्ज करा, मीही माझ्या बँकेला कळवते, बँक परत घेईल.’ आणि त्या पैशांना हात लावू नका. खरा माणूस असेल तर ते ऐकेल. शिवीगाळ करू लागला, पोलिसांची भीती घालू लागला, तर फोन ठेवा.

राहिलं मिस्टरांचं. आज सांगा, ताई. तुम्ही गेले चार दिवस एकटीने हे मनात ठेवून शिलाई करताय, मला ते पत्रातल्या अक्षरातही दिसलं. तक्रारीच्या कामात तुम्हाला घरातलं माणूस सोबत लागणार आहे, बँकेत जायचंय, कागद जोडायचेत. शिवाय आज तुम्हाला आलेला फोन उद्या त्यांना येईल, सासूबाईंना येईल. तुम्ही गप्प राहिलात तर त्यांना सावध करणार कोण? मुलगा काही बोललाच, तर हे पत्र त्याला वाचायला द्या. त्याला म्हणावं, बँकेतली, शाळेतली, कचेरीतली शिकलेली माणसं यात फसताना मी पाहिली आहेत. आईला साधं कळलं नाही, असं यात काही नाही.

फोनवरून ऑर्डर घेणं थांबवू नका. यापुढे अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, ओळखीचं असो वा नवं, एकच वाक्य सांगायचं: ‘पाठवा, मी फोन ठेवून खात्यात बघते, दिसले की मापं घ्यायला बोलावते.’ आणि खरंच फोन ठेवायचा.